घड्याळाची आंघोळ

मराठी घरात स्टीलला जेवढ्या आंघोळी घडतात तेवढ्या घरातल्या माणसांनाही घडत नाहीत. ताट, वाटी, पेला, डबे, झारा, सांडशी, सगळं दिवसातून दोनदा घासायचं, विसळायचं, पालथं घालायचं, पुसायचं आणि मगच फळीवर. पेल्यावर साबणाचा एक ओघळ राहिला तर तो उजेडात धरून घरभर दाखवला जातो. भांड्यावर आजीचं नाव, लग्नाची तारीख आणि ‘सप्रेम भेट’ असं मशीनने कोरलेलं असतं, त्या अक्षरांच्या खाचांतसुद्धा काही साचू दिलं जात नाही. अशा या घरात स्टीलची एकच वस्तू वर्षानुवर्षं पारोशी राहते. ती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या डाव्या मनगटावर असते.

पेल्याचा ओघळ दाखवणारा हातही बहुधा तोच असतो.

खरं तर ताट आणि घड्याळ एकाच कुळातले. चांगल्या भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. चांगल्या घड्याळाचं स्टील म्हणजे ‘३१६ एल’, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमची भर, कारण खारटपणाशी त्याचा सामना जास्त. या कुळाचा एक मूळ पुरुष इंग्लंडातल्या शेफील्डचा. १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होते. नळ्यांचं राहिलं बाजूला, पण ते पोलाद काही केल्या गंजेना. मग त्याच्या सुऱ्या झाल्या. क्रोमियम किमान साडेदहा टक्के असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं सूत जुळतं आणि धातूवर एक पापुद्रा धरतो. तो काही नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. वर ओरखडा पडला तरी, हवा मिळाली की, तो आपला आपण सांधला जातो.

‘हवा मिळाली की’ हे शब्द आमचे काका ऐकत नाहीत. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ दिलं, पाठीवर नाव आणि तारीख कोरून. तेव्हापासून त्या घड्याळाच्या देखभालीविषयी काकांचं धोरण एका वाक्याचं आहे: “स्टेनलेस आहे रे, त्याला काय होतंय!”

काय होतं ते पट्ट्याच्या कड्यांमध्ये वाकून पाहिलं की दिसतं. दोन कड्यांच्या मधल्या फटीत, बकलाच्या घडीत, पट्टा आणि डबी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात आणि पाठीच्या झाकणाच्या कडेला एक काळपट, हिरवट, किंचित चिकट पदार्थ वस्तीला असतो. मेलेल्या त्वचेचे कण, घाम, अंगाचं तेल, धूळ, आणि कर्ता पुरुष हौशी असेल तर पावडर, हे त्याचे घटक. हा पदार्थ कुणाचा, यावर मात्र घरात एकमत होत नाही. ज्याचं मनगट आहे त्याच्या मते ती रस्त्यावरची धूळ असते. “ट्रॅफिक किती वाढलंय बघतोस ना!” असं काका म्हणतात. काका निवृत्तीनंतर सकाळी बागेत आणि संध्याकाळी देवळात जातात, आणि दोन्ही ठिकाणी चालत.

हा मळ नुसता ओंगळ असता तर एक वेळ चाललं असतं. पण घामात मीठ असतं, मिठात क्लोराइड, आणि क्लोराइड म्हणजे त्या पापुद्र्याचा जुना वैरी. उघड्यावर पापुद्रा त्याला पुरून उरतो. मळाच्या थराखाली मात्र हवा पोचत नाही, पापुद्रा पुन्हा धरत नाही आणि मीठ निवांतपणे धातूला टोचे पाडत बसतं. कोकणपट्टीत, मुंबईत किंवा नागपूरच्या मे महिन्यात ज्यांचं घड्याळ दुपारभर मनगटावर चिकटलेलं असतं, त्यांनी पाठीच्या झाकणाच्या कडेवरून एकदा नख फिरवून पाहावं. बारीक खड्डे लागले तर ते ट्रॅफिकने केलेले नाहीत.

एक पोटभेद इथेच सांगून टाकतो, कारण त्यावरून लग्नांमध्ये रुसवेफुगवे झालेले आहेत. बऱ्याच घड्याळांच्या पाठीवर इंग्रजीत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं कोरलेलं असतं. ते वाचून माणूस सुखावतो. त्याचा अर्थ, पाठ तेवढी स्टीलची. उरलेली डबी बहुधा पितळेची आणि वरून मुलामा. दोन-चार उन्हाळे गेले की मुलामा कडांवरून उडतो, आतला पिवळेपणा डोकावतो, आणि मग व्याह्यांकडच्यांची नियत चर्चेला येते. पाठीवर खरं तेच लिहिलेलं होतं, पण लग्नाच्या गडबडीत घड्याळ पालथं करून कोण बघतो!

आजोबांच्या पिढीचं असं नव्हतं. १९६१ साली बंगळुरात एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळं बनवायला घेतली, आणि पुढे कितीतरी घरांत पहिलं मनगटी घड्याळ आलं ते त्याच कारखान्याचं. ‘जनता’सारख्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. सकाळचा चहा झाला की आजोबा खिडकीपाशी बसत, घड्याळ धोतराच्या सोग्याने पुसत, काचेवर हाः करून पुन्हा पुसत, मग मोजून चावी देत आणि आकाशवाणीच्या ठोक्याला काटा लावत. हात धुण्याआधी घड्याळ काढून फळीवर ठेवायचं, आणि धुतलेला हात कोरडा झाल्याशिवाय त्याला शिवायचं नाही. या सोवळ्यात भक्तीचा भाग थोडा आणि भीतीचा मोठा होता. घड्याळ पाण्याला टिकणारं नव्हतं आणि दुसरं मिळायची शाश्वती नव्हती.

मग क्वार्ट्झ आलं. १९८४ साली टायटन कंपनी निघाली, होसूरच्या कारखान्यातून सेलवर चालणारी देखणी घड्याळं बाजारात आली आणि सकाळची चावी संपली. चावीबरोबर रोजची नजर संपली, पुसणं संपलं. आता घड्याळाकडे नीट लक्ष जातं ते सेल संपल्यावर, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांनी एकदा, तेही चिडून. जी वस्तू काहीच मागत नाही तिला काहीच न देण्यात आपल्याला कमालीची सचोटी वाटते.

तरीही मी अशा निष्कर्षाला आलो आहे की स्टीलच्या घड्याळांचे हाल दुर्लक्षामुळे जेवढे होतात त्याहून जास्त मायेमुळे होतात. दुर्लक्ष करणारा निदान घड्याळाच्या वाटेला जात नाही. माया करणाऱ्याच्या हातात मात्र टूथपेस्ट असते.

मायेचा पहिला प्रकार म्हणजे प्लास्टिकचा पापुद्रा. नवं घड्याळ येतं तेव्हा बकलावर आणि पाठीवर एक पातळ निळसर पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. दुकानातून घरी येईपर्यंत ओरखडे पडू नयेत, एवढंच तिचं काम. पण आपल्याकडे टीव्हीचा रिमोट पिशवीत राहतो आणि गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत निघत नाही, तर घड्याळाचीच फिल्म का काढावी? ती राहते. कडेने उचलली जाते, घाम आत शिरतो, बाहेर यायला वाट नसते. ज्या पापुद्र्याने खरंच रक्षण केलं असतं तो हवेवाचून मरतो, आणि ज्याने काहीच करायचं नव्हतं तो छातीठोकपणे वर बसून राहतो.

दुसरा प्रकार टूथपेस्टचा. मराठी माणसाचा टूथपेस्टवर जो विश्वास आहे तो दात सोडून इतर सर्व बाबतींत अढळ आहे. भाजलं, लाव टूथपेस्ट. चांदीचा करंडा काळा पडला, लाव टूथपेस्ट. नळ, इस्त्री, बुटांचे पांढरे तळवे, गाडीचा दिवा. त्यातली खरखरीत पूड खरोखरच घासते, इथवर ठीक. जुन्या घड्याळांच्या प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे तिने जातातही, कारण ती काच मऊ असते. या एका खऱ्या यशाच्या जोरावर टूथपेस्ट मग स्टीलवर चढाई करते. स्टीलच्या घड्याळाचे बहुतेक पृष्ठभाग दोन प्रकारचे असतात. एक आरशासारखा चकचकीत, दुसरा एकाच दिशेने बारीक रेघा ओढलेला, मंद. कारखान्यात या दोन्हींच्या सीमा जपायला बराच खटाटोप करतात. काका टूथपेस्ट लावून गोल गोल घासतात तेव्हा मंद भाग थोडा चकचकीत होतो, चकचकीत भाग थोडा मंद होतो आणि दोघांत कायमचा सलोखा होतो.

टूथपेस्टने भागलं नाही की काही जण दुकानात जाऊन बफिंग करून आणतात. घड्याळ लखलखतं, एवढं की लग्नात शेजारचा विचारतो, नवं का? पण चाक फिरतं तेव्हा ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचं स्टील खरवडून ओरखड्याच्या पातळीला आणलं जातं. दोन-तीनदा बफिंग झालेल्या घड्याळाचे कोपरे विरतात, कडा बसतात, आणि ते वापरून वापरून गोटा झालेल्या साबणाच्या वडीसारखं दिसायला लागतं. जुन्या घड्याळांचे षौकीन म्हणूनच ओरखडे असलेल्या, पण बफिंगचं चाक न पाहिलेल्या घड्याळाला जास्त पैसे मोजतात.

तारेच्या घासणीबद्दल मी काही लिहीत नाही. ज्यांनी ती वापरली त्यांना पुरेसं ऐकावं लागलेलं आहे.

मायेचा सुशिक्षित प्रकार माझ्या आतेभावाचा. तो हिंजवडीत संगणकावर काम करतो आणि त्याच्याकडे एक फार चांगलं स्टीलचं घड्याळ आहे, असं आम्ही ऐकून आहोत. ते मऊ उशीवर, डबीत, कपाटात असतं. शनिवारी तो ते बाहेर काढतो, मायक्रोफायबरच्या कापडाने पुसतो, दिव्याखाली फिरवून पाहतो आणि परत ठेवतो. ऑफिसात ओरखडे पडतात म्हणून तिथे दुसरं घालतो. लग्नकार्यात धक्काबुक्की होते म्हणून तिथे तिसरं. फार चांगल्या घड्याळाची काच नीलमण्याच्या जातीची, कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याच्या खालोखाल, नऊ. रस्त्यावरची वाळू सातच्या आसपास, म्हणजे वाळूने तिला ओरखडा पडत नाही, हे सगळं त्यानेच मला समजावलं. ते समजावताना त्याच्या मनगटावर चौथं होतं, रबरी पट्ट्याचं.

आता पाणी. घड्याळांच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज पाण्याने केले आहेत, आणि त्यात डायलवरच्या ‘३० मीटर’चा वाटा मोठा. तीस मीटर म्हणजे दहाएक मजले. हे वाचून माणसाला वाटतं, आपण दहा मजले खोल बुडी मारली तरी आपलं काही का होईना, घड्याळ वर येईल. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की चाचणीत घड्याळ स्थिर असताना तेवढ्या दाबाला पाणी आत शिरलं नाही. रोजच्या व्यवहारात त्या तीस मीटरचं मोल हात धुताना उडालेले शिंतोडे आणि छत्रीतून गळालेला पाऊस इतकंच. पोहायचं तर शंभर मीटरवालं घ्यावं. शिवाय पाणी अडवतं ते स्टील नव्हे. ते काम चावीखाली आणि पाठीच्या झाकणाखाली बसवलेल्या रबराच्या बारीक कड्या करतात. त्या काही वर्षांत कडक होतात, चिरतात, आणि गरम पाण्याने, साबणाने, वाफेने आणखी लवकर म्हाताऱ्या होतात. म्हणजे गिझरच्या पाण्याने घड्याळासकट आंघोळ करणारा माणूस घड्याळ धूत नसतो, कड्या शिजवत असतो.

आमच्या इमारतीतले एक गृहस्थ गणपती विसर्जनाला घड्याळासकट समुद्रात छातीइतक्या पाण्यात गेले. बाप्पा गेले, घड्याळ परत आलं, पण काचेच्या आतून धुकं धरलेलं. मग घरातला ठरलेला उपाय झाला: तांदळाचा डबा. मोबाइलला जो न्याय तोच घड्याळाला. घड्याळ सापडेना अशा खोलीवर पुरलं गेलं, आणि ते सापडेपर्यंत त्या घरात पोळ्याच होत होत्या, कारण भाताला तांदूळ काढताना त्यात समुद्र किती आणि गृहस्थ किती हे ठरेना. धुकं थोडं विरलं. काटे मात्र दिवाळीच्या सुमाराला थांबले. स्टेनलेस बाहेरची डबी असते. आतला चावीचा दांडा, स्क्रू, बारीक चाकांच्या दांड्या साध्या कडक पोलादाच्या, त्यांना खारं पाणी पुरेसं. अशा वेळी घड्याळ त्याच दिवशी उघडून घ्यायचं असतं. आणि समुद्रावर जाण्यासारखं घड्याळ असेल तरी घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवायचं असतं, हे समुद्रावरून आल्यावर आपण पाय धुतो त्याच सुमाराला आठवलं तर बरं.

उघडून घ्यायचं कुणाकडे? घड्याळजींकडे. स्टेशनाबाहेर, झेरॉक्सचं दुकान आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ यांच्या मधे जी काचेची पेटी आणि तिच्यामागे माणूस दिसतो, ते घड्याळजी. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, बाजूला हवा मारायचा रबरी फुगा, बाटलीत धुण्याचं पेट्रोल. ते पाठ उघडण्याआधी झाकणाच्या कडेचा मळ सुईने काढतात आणि तो एका कागदावर ठेवतात. गिऱ्हाइकाला काही बोलत नाहीत. कागद तेवढा गिऱ्हाइकाच्या बाजूला सरकवतात. पाठ उघडली की आतल्या बाजूला सुईने खरवडलेल्या बारीक खुणा दिसतात, पूर्वीच्या कारागिरांनी काम केल्याची नोंद म्हणून केलेल्या. आपल्या घड्याळाचा असा वैद्यकीय इतिहास आपल्याच मनगटाला टेकलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

गेल्या मे महिन्यात आतेभाऊ आला आणि त्याची नजर काकांच्या मनगटावर पडली.

“मामा, हे शेवटचं कधी धुतलंत?”

“धुवायचं कशाला? स्टेनलेस आहे.”

पुढचा अर्धा तास घरात शस्त्रक्रियेचं वातावरण होतं. घड्याळ जुनं, रबरी कड्यांचा भरवसा नाही, म्हणून आतेभावाने डबी पाण्यात घालायची नाही असं ठरवलं आणि पट्टाच सोडवायला घेतला. पट्टा डबीला धरून ठेवणारी स्प्रिंगची दांडी इंचभरसुद्धा नसते, पण मोकळी झाली की तिच्यात तरुणाई संचारते. ती टणकन उडाली. काकू, मी, आतेभाऊ आणि खालच्या मजल्यावरून साखर मागायला आलेली मुलगी असे सगळे गुडघ्यांवर सोफ्याखाली. काका खुर्चीतून दिशा सांगत होते. दांडी अखेर काकांच्याच चपलेत सापडली.

बाकी कृती अगदी साधी होती. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश. पट्टा थोडा वेळ भिजत ठेवायचा, मग कड्यांच्या फटींतून ब्रश फिरवायचा, जिथे तो पोचत नाही तिथे दात कोरायची काडी. स्वच्छ पाण्याने विसळायचं, टिपून कोरडं करायचं, आणि फटींतलं पाणी वाळेपर्यंत पंख्याखाली ठेवायचं. डबी नुसत्या ओलसर फडक्याने पुसायची, चावी नीट आत दाबलेली आहे हे आधी बघून. ब्लीच नाही, लिंबू नाही, चिंच नाही, देवाची भांडी घासायची पावडर नाही. घाम फार येणाऱ्याने उन्हाळ्यात महिन्यातून एकदा एवढं केलं तरी पुष्कळ.

अडचण फक्त वाटीच्या पाण्याची झाली. सगळे ते पाणी पाहत उभे राहिले. काका म्हणाले, पाणी आधीच गढूळ होतं, महापालिका हल्ली असलंच सोडते. काकूंनी वाटी उचलली, तिच्यावरचं आपलं नाव वाचलं आणि जाहीर केलं की ही वाटी आता स्वयंपाकघरात परत यायची नाही. सध्या ती गॅलरीत कबुतरांसाठी पाणी ठेवायला आहे.

पट्टा मात्र लखलखत होता. काकांनी घड्याळ घातलं, हात लांब धरून पाहिला, प्रसन्न झाले. मनगटावरचे केस कड्यांत अडकून उपटले जाणंही थांबलं, असं त्यांनी स्वतःहून कबूल केलं. पण दुसऱ्या दिवशी तक्रार आली. घड्याळ खुळखुळतंय. हात वर केला की कोपराकडे पळतं, खाली केला की तळव्यावर येतं. साफ केल्यापासून पट्टा ढिला झालाय, तुमच्या त्या साबणाने स्टील विरघळलंय. आतेभाऊ तोवर पुण्याला निघून गेला होता, म्हणून मीच काकांना घेऊन घड्याळजींकडे गेलो.

घड्याळजींनी भिंग लावलं, पट्टा आडवा धरून हलवून पाहिला, कड्यांच्या फटींतून आरपार उजेड पाहिला.

“धुतला का?”

“धुतला,” काका म्हणाले, माझ्याकडे बघून.

“कड्या झिजल्यात साहेब. इतकी वर्षं मळानेच धरून ठेवलं होतं.” त्यांनी बकलातली पिन एक भोक पुढे सरकवून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत.

काकांनी घड्याळ घातलं, हात हलवून पाहिला. अजून थोडं खुळखुळत होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पेटीवर जरा ओणवे होऊन, हळू आवाजात त्यांनी विचारलं, “मग परत पहिल्यासारखं घट्ट व्हायला साधारण किती दिवस लागतील?”

घड्याळजींनी काकांच्या मनगटाकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, आणि म्हणाले, “उन्हाळा चांगला आहे. गणपतीपर्यंत होऊन जाईल.”